मुलांना कोणत्या वाटेला लावावे?



दहावीचा निकाल अलीकडे मे महिन्यातच लागतो. आंबे उतरवायचे असतात, पावसाच्या आधी कौले परतायची असतात, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. अशा धांदलीत पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यांतून, कुडपण, ढवळे, कामथे, गोळेगणी ह्या बाजूच्या घरांतून, एक प्रश्न येऊन ओटीवर बसतो. "आता ह्याला कशाला घालायचं?" दोन संध्याकाळी त्यावर बोलणे होते. काका काही सांगतो, शेजारच्या मुलाने काय घेतले ते निघते, गुरुजींना विचारले जाते, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा कुठेतरी नाव घालून येतो. पुढची तीस वर्षे त्या दोन संध्याकाळींवर उभी राहतात. म्हणून ह्या प्रश्नाकडे आज जरा निवांतपणे पाहू. अकरावीला घालावे की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपण ज्याला सरळ आयटीआय म्हणतो तिथे? पुस्तकी शिक्षण की धंदेशिक्षण?

कुणालाही विचारा, उत्तर तयार असते: मुलाची आवड पाहावी आणि हुशारी पाहावी. ऐकायला हे छान आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला आवड असायची तर त्याने ती गोष्ट आधी पाहिलेली तरी पाहिजे! घाटाखालच्या वाडीतल्या मुलाने लेथ पाहिलेला नसतो, प्रयोगशाळेतला तराजू पाहिलेला नसतो आणि बँकेच्या काउंटरच्या आतली बाजूही पाहिलेली नसते. त्याने पाहिलेले असतात शिक्षक, कंडक्टर, पोलीस, दुकानदार आणि सुट्टीत आलेला काका. त्यातूनच तो आवड सांगतो. तेव्हा आवडीच्या आधी दुसऱ्या पुष्कळ गोष्टी निवड करून टाकतात, आणि त्या कुठल्या हे एकदा उघडपणे बोलावे हे बरे.

पहिली गोष्ट म्हणजे एसटी. हसू नका. सकाळची गाडी किती वाजता सुटते आणि संध्याकाळची वस्तीची गाडी वाडीच्या फाट्यावर थांबते की नाही, ह्यावर आपल्या तालुक्यातल्या जितक्या मुलांचे शिक्षण ठरले आहे तितके गुणपत्रिकेवर ठरले नसेल. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, ही मोठी सोय झाली. पण पास असून गाडी हवी. आणि पावसाळ्यात दरड आली की गाडीही नाही, रस्ताही नाही. विज्ञान शाखेला प्रात्यक्षिके असतात, ती दुपारी उशिरापर्यंत चालतात. आयटीआयची कार्यशाळाही दिवसभराची. कला शाखेचे वर्ग सकाळी आटोपतात, जेवायला घरी येता येते. मग मुलगा कला शाखेला जातो आणि आपण म्हणतो, त्याला इतिहासाची गोडी आहे. ज्याला खरोखर इतिहास आणि भाषा आवडतात त्याने कला शाखेला जरूर जावे. तिच्याविषयी माझ्या मनात कमीपणा नाही. पण आपल्याकडे पुष्कळदा ती निवडलेली नसते, उरलेली असते.

दुसरी गोष्ट आठवणीची आहे. पोलादपूर, महाड, खेड ह्या पट्ट्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेली, आणि त्यांतली पुष्कळ गिरण्यांत गेली. तिथे शिक्षण कुणी विचारीत नव्हते. गावचा माणूस खात्यात असला की तो बदली कामगार म्हणून चिकटवून देई. सातवी पास आणि सातवी नापास एकाच साच्यावर उभे राहत. पुढे त्यांतला एखादा असा तयार होई की साच्याच्या आवाजावरून बिघाड ओळखी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबला, आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या कारागिरांच्या हाताला कसब होते, पण त्या कसबाचा कागद कुणाजवळ नव्हता. इमारतीच्या दारावर रखवालदार म्हणून बसण्यावाचून कित्येकांना गती राहिली नाही. ह्यातून गावाने एक धडा घेतला: हाताच्या कामाला किंमत नाही, कागदाला आहे, तेव्हा पोराला पदवी घेऊ द्या. धडा समजण्यासारखा आहे, पण माझ्या मते अर्धा आहे. त्या माणसांचे अडले ते हाताचे काम शिकल्यामुळे नव्हे. त्यांचे शिकणे कुठे नोंदले गेले नव्हते आणि एकाच धंद्याच्या एकाच यंत्राशी बांधलेले होते, म्हणून अडले. आयटीआयच्या प्रमाणपत्राचा उपयोग इथे आहे. त्यावर धंद्याचे नाव असते, परीक्षा देशभर एका पद्धतीची असते, आणि ते महाडला चालते तसे भोसरीलाही चालते.

आता प्रतिष्ठेचे पाहा. हे दुखणे आजचे नाही. १८८२ साली हंटर आयोगाने सुचवले होते की हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहारोपयोगी, व्यापाराची आणि उद्योगाची. दुसऱ्या वाटेला फारसे कुणी फिरकले नाही. कारण सरळ होते. नोकरी देणारे सरकार मॅट्रिक झालास का, एवढेच विचारीत होते. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याला मूलोद्योगाची योजना मांडली, तेव्हा पालकांची कुरकुर ऐकू आली की सूत कातायलाच बसवायचे तर शाळा कशाला? १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. तो शाळेच्या वेळापत्रकात आला आणि बऱ्याच ठिकाणी खडूच्या फुलांवर आणि कागदी पताकांवर थांबला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावीपासून मुलांना व्यवसायांची ओळख करून द्यावी असे आहे. योजना येतात, पण पालक योजना वाचत नाही, तो पगार वाचतो. राज्य सरकारने २०२४ साली तरुणांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना काढली, तीत बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये असे विद्यावेतन ठेवले. वाडीतल्या माणसाने त्यावरून काय समजावे? की पदवी दोन पायऱ्या वर आहे. त्याला दोष देता येत नाही.

आणि ह्याच संदर्भात एक गोष्ट मला महाडच्या भूमीवर उभे राहून सांगितलीच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते ह्या गावात. ज्यांच्या बापजाद्यांवर जन्माने धंदा लादला गेला, ज्यांना अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांच्यासाठी पुस्तक ही सुटकेची वाट होती. अशा घरातल्या मुलाला कुणी सहज म्हणाले की, "तू कॉलेजच्या नादी कशाला लागतोस, हाताचा धंदा शिक," तर त्या घराला त्यात जुन्या बेडीचा आवाज ऐकू आला तर नवल नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अशीच योजना आणली होती: मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. लोकांनी तिला कुळाचे शिक्षण म्हटले, मोठा विरोध झाला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. विरोध करणारे बरोबर होते. धंदेशिक्षण म्हणजे बापाचा धंदा नव्हे. सुताराच्या मुलीने प्रयोगशाळेत जावे आणि कुलकर्ण्यांच्या मुलाने वेल्डिंगचा पडदा डोळ्यांवर घ्यावा, तेव्हा ती निवड म्हणायची. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे एवढेच सांगणे की, आयटीआयचा सल्ला देण्यापूर्वी स्वतःला विचारावे, हाच सल्ला मी माझ्या मुलाला देईन का? देईन असे मन म्हणाले तर बेलाशक द्यावा.

पुस्तकी वाटेने माणूस किती लांब जातो, त्याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. ज्या मुलाचे डोके पुस्तकात असे चालते त्याला पैशापायी मागे ओढणे हे पाप आहे. दुसरीकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर पाहा. चित्रकार व्हायचे म्हणून ते जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन धरले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवले, ती नोकरी सोडून बेळगावला सायकली विकल्या, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ह्या माणसाला आपण कुठल्या शाखेचा म्हणायचे?

आता शाळेतल्या चाळणीविषयी बोलतो, कारण श्रोत्यांत शिक्षक पुष्कळ आहेत. आपली चाळणी गुणांची असते. वरचे विज्ञानाला, मधले वाणिज्याला, खालचे कलेला, आणि ज्याचे गणितच बसत नाही त्याला "आयटीआय कर बाबा" असे सांगायचे. आता असे पाहा, त्याला घातले फिटरला. तिथे पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात व्हर्नियर कॅलिपर येतो. मिलिमीटरचा पन्नासावा भाग त्याने वाचायचा असतो. कार्यशाळेच्या गणितात गुणोत्तर आहे, क्षेत्रफळ आहे, कोन आहेत. रेखाटनाच्या तासाला एका वस्तूची तीन बाजूंनी तीन चित्रे काढायची आणि तीन चित्रांवरून वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची. इलेक्ट्रिशियनला ओहमचा नियम चुकला तर गुण जात नाहीत, जीव जातो! म्हणजे गणितात कच्चा म्हणून ज्याला पाठवला तो तिथे गणितातच अडकतो, आणि मग आपण म्हणतो, त्याचे तिथेही लक्ष नाही. उलट वर्गात गप्प बसणारा, पण पंपाची मोटार उघडून परत बसवणारा एखादा मुलगा असतो. त्याचे गुण ५५ असले तरी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे, आणि ८५ असले तरीही.

गर्दीच्या मागे जाण्याची एक गोष्ट तर शिक्षकांच्या घरातलीच आहे. एके काळी बारावीनंतर डी. एड. म्हणजे हमखास नोकरी. खरे तर तेही धंदेशिक्षणच. सन २००० नंतरच्या दहा वर्षांत गावोगाव डी. एड. विद्यालये निघाली, जमिनीचे तुकडे विकून लोकांनी मुलांना तिथे घातले. २०१२ साली शिक्षकभरती थांबली, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, आणि हातात पदविका घेतलेली हजारो मुले वाट पाहत वयाच्या तिशीत गेली. विद्यालयांतल्या जागा मग रिकाम्या राहू लागल्या. अभियांत्रिकीचेही थोड्याफार फरकाने असेच झाले. तेव्हा कुठला अभ्यासक्रम चांगला, हा प्रश्न विचारताना त्याला पुढची शेपटी जोडावी: चांगला, पण कितीजण आधीच रांगेत आहेत?

महाडची औद्योगिक वसाहत आपल्या दाराशी आहे. रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने तिथे आहेत. आपल्या भागातला मुलगा तिथे तीन तऱ्हांनी शिरू शकतो. ठेकेदाराच्या मार्फत गोणी उचलायला. आयटीआय करून फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा रासायनिक संयंत्राचा चालक म्हणून. किंवा रसायनशास्त्रात बी. एस्सी. करून प्रयोगशाळेत आणि उत्पादनखात्यात. पाहा, पुस्तकी वाट इथे कारखान्यातच पोहोचली! म्हणजे दोन वाटांमध्ये आपण समजतो तेवढी मोठी दरी नाही. खरी दरी आहे ती काहीतरी शिकून आत गेलेला आणि काहीच न शिकता आत गेलेला ह्यांच्यामध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये ह्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे बळी गेले. अशा ठिकाणी कुठल्या पिंपात काय आहे, कुठली झडप आधी बंद करायची, कुठल्या धुराला पाठ करून पळायचे, हे ज्ञान पगाराहून आधीचे आहे. सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी आहे, ती कामगाराच्या शिक्षणावर ढकलता येणार नाही. पण आईबापांनी "कंपनीत लागला" एवढ्यावर समाधान मानू नये. कशावर लागला, कुणी शिकवले, हे विचारावे.

इथे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी. ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला आहेत तिने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवाराला विद्यावेतन मिळते आणि कराराची नोंद होते. आयटीआयनंतरचे हे वर्ष सोडून मुलगा घाईने ठेकेदाराकडे दोन पैसे जास्त म्हणून गेला, तर हातचे प्रमाणपत्र गेले. दोन पैशांची ओढ मला कळते. घरात आजारपण असते, कर्ज असते. २२ जुलै २०२१ च्या दरडींत तळियेच काय, आपल्या तालुक्यातल्या साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यात घरे गेली, माणसे गेली. महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. अशा घराला दोन वर्षे थांब म्हणणे सोपे नाही. त्याच पुरानंतर बाजारातली प्रत्येक भिजलेली मोटार, प्रत्येक घराचे वायरिंग कुणीतरी हातानेच दुरुस्त केले, हेही आपण पाहिले.

मुलींविषयी वेगळे बोलावे लागते, ह्याचेच वाईट वाटते. आयटीआय म्हटले की मुलीला शिवणकाम नाहीतर संगणक, एवढ्यावर घरातले बोलणे संपते. इलेक्ट्रॉनिक्सला, रेखाटनाच्या कामाला, रासायनिक संयंत्राच्या धंद्याला मुलींना कुठेही मनाई नाही. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली आहे. पण फी माफ झाली तरी वसतिगृह, खाणे आणि "एकटी कशी राहील" हे तीन खर्च उरतात. तिसरा सर्वांत महाग. त्या बाबतीत शाळेतल्या बाईंनी घरी जाऊन घातलेल्या शब्दाला फार वजन असते.

आयटीआयला गेला की दार बंद झाले, ही समजूत मात्र काढून टाका. दहावीनंतर दोन वर्षांचा धंदा पुरा केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. महाडच्या पुढे मुंबईच्या वाटेवर लोणेऱ्याला १९८९ साली बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ निघाले, ते ह्या वाटेच्या टोकाला आहे. उलटे मात्र अवघड. बी. ए. झालेला मुलगा चोविसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या मुलांबरोबर कानस घेऊन बसायला लाजतो. बसला तर मी त्याचे कौतुक करीन.

शाळांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. कलबाग ह्या शास्त्रज्ञाने १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात हायस्कुलातली मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्य. आणि ही कामे गावाच्या गरजेची असतात, कुणाच्या गोठ्याचे दार, कुणाच्या घरचे वायरिंग. तो विषय दहावीच्या परीक्षेलाही मान्य झाला. एवढी तयारी नसेल तर आठवी-नववीच्या मुलांना एक दिवस आयटीआयच्या कार्यशाळेत आणि एक दिवस महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन आणा. सहलीला रायगड आणि प्रतापगड आपण करतोच. वाटेत महाड लागते.

राहता राहिली ती अर्जाची गोष्ट. आयटीआयचे आणि अकरावीचे प्रवेश आता संगणकावरून होतात. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला निकालानंतर धावपळ करून काढण्यापेक्षा मार्चमध्ये परीक्षा आटोपताच तहसील कचेरीत अर्ज टाकावा. अर्जात पसंतीक्रम लिहायचा असतो, आणि पुष्कळ घरांत तो सायबरवाल्याच्या हातून भरला जातो. तो बिचारा त्याला आठवतील ती नावे टाकतो. पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि ती घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून मुलगा बाहेर पडतो. तेव्हा पहिल्या ओळीत काय लिहायचे ते कागदावर लिहून घेऊन मगच दुकानात जावे, आणि कागद मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या अक्षरातला असावा.